येणार असाल तरच तिकीट

कोणाच्या तरी गळ्यात पडणारच होतं, ते माझ्या पडलं.

मुलींची व्हॉलीबॉलची टीम बाहेरगावच्या स्पर्धेला न्यायची होती. बस, राहणं, जेवणखाण, गुडघ्याचे नवे पॅड, सगळं धरून खर्च बराच होता आणि आमच्या क्लबकडे मुलींना द्यायला शुभेच्छांशिवाय काहीही नव्हतं. पालकांच्या मीटिंगमध्ये कोच म्हणाले, शेजारच्या क्लबच्या मुलींना बोलावून एक सामना ठेवू आणि त्याला तिकीट लावू. सगळे म्हणाले, वा वा, झकास कल्पना. मग कोचनी विचारलं, "कोण बघेल हे सगळं?" त्याबरोबर सगळ्यांना आपापल्या मोबाईलमध्ये फार महत्त्वाचं काहीतरी दिसायला लागलं.

"माझं झेरॉक्सचं दुकान आहे, तिकिटं मी छापून देईन," एवढंच बोलले मी. देवाशपथ एवढंच. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर बघते तर 'आयोजक' म्हणून माझं नाव, आणि खाली टाळ्यांची रांग. नवऱ्याला दाखवलं तर तो म्हणाला, "कर की, तुला छान जमतं असलं." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसाने मला छान जमत नाही असं एकही काम अजून शोधलेलं नाही.

मग सुरू झालं. हॉलवाल्याकडे चकरा मी मारायच्या, खुर्च्या भाड्याने मी ठरवायच्या, माईक मी आणायचा, आणि ग्रुपवर लोक काय करणार, तर सूचना. त्यातल्या एका बापाचं तर मी नावच सल्लागार ठेवलं होतं. त्याचा प्रत्येक मेसेज 'केलं तर?' वर संपायचा. बॅनर मोठा केला तर? सामना संध्याकाळी ठेवला तर? मुलींना एकसारख्या रिबिनी लावल्या तर? एकदा दुकानात गिऱ्हाईक उभं असताना मी फोनकडे बघून मोठ्याने ओरडले, "तर करा ना मग!" गिऱ्हाईक बिचारं आधारकार्ड घेऊन दोन पावलं मागे सरकलं.

प्रत्येक मुलीला पंचवीस तिकिटांचं एक पुस्तक दिलं होतं. आठवडा गेला, दुसरा अर्धा संपला, एक तिकीट हललं नाही. पुस्तकं दप्तरात चुरगळत पडलेली. विचारलं की एकच उत्तर, "विकू हो, घाई काय आहे?" शेवटी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि एका रात्री मी ग्रुपवर टाकलं: ज्या मुलीचं पुस्तक पूर्ण संपणार नाही, ती त्या दिवशी खेळणार नाही. नियम म्हणजे नियम. कोणालाही सूट नाही.

सकाळी कोच दुकानात आले. माणूस मुळातच कमी बोलणारा. काउंटरवरचा स्टेपलर उघडत-मिटत उभे राहिले.

"ताई, या सामन्यावरूनच मी स्पर्धेसाठीच्या सहा जणी ठरवणार आहे."

"मग तर उत्तमच, सर. आता विकतील झक मारत."

आणि विकली! दोन दिवसांत धडाधड पैसे जमा झाले. बसचं भागलं, राहण्याचं भागलं. मी अशी फुगले म्हणता! खुर्च्यावाल्याला फोन करून आणखी खुर्च्या वाढवून घेतल्या. हॉल फुल्ल होणार होता ना.

एकाच मुलीचं पुस्तक आलं नाही. माझ्या.

माझी लेक उंच आहे, टीममध्ये तिला शिडी म्हणतात, आता घरीही तेच नाव पडलंय. सेटर आहे. म्हणजे बाकीच्यांना मारण्यासाठी चेंडू नेमका उचलून देणं हे तिचं काम. या स्पर्धेसाठी ती वर्षभर पहाटे उठून सरावाला जात होती. शाळेला उठवताना याच पोरीच्या अंगावर मला पाणी शिंपडावं लागतं. त्यामुळे पुस्तक घेऊन ती घरोघर हिंडतेय म्हटल्यावर मी निर्धास्त होते. मग एक दिवस माझ्या डोळ्यांदेखत तो प्रकार घडला.

माझा मोठा भाऊ दुकानात आला होता. आल्या आल्या खिशातून नोटा काढून म्हणाला, "शिडे, दे पाच तिकिटं. मामाकडून."

शिडीने पुस्तक उघडलं, पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, "येणार आहेस ना नक्की?"

"छे गं. रविवारी कुठे? पण असू दे, तुमच्या टीमला मदत."

तिने पेनाचं टोपण लावलं. "मग नको, मामा. येणार असशील तरच तिकीट."

मी झेरॉक्सचं झाकण आपटलं. "अगं ए शहाणे! माणूस पैसे हातात देतोय!"

"तो येणार नाही म्हणतोय, आई."

"नाही येत तर नाही येत! खुर्चीला काय फरक पडतो?"

"मला पडतो," ती म्हणाली.

भावाने नोटा परत खिशात घातल्या आणि माझ्याकडे बघून हसला. "तुझीच पोरगी," म्हणाला. त्याला काय होतंय हसायला! मग खोदून खोदून विचारल्यावर कळलं, की बाईसाहेब प्रत्येक दारात हेच करत होत्या. येणार का? किती वाजता सामना आहे ते लक्षात राहील ना? नंतर नाही जमलं म्हणणार नाही ना? लोक पैसे द्यायला तयार आणि ही त्यांची उलटतपासणी घेतेय. पंचविसातली अकरा गेली होती. मी कपाळावर हात मारून घेतला.

संध्याकाळी स्वयंपाकघरात पुन्हा जुंपली.

"तिकिटावर सामना लिहिलंय," शिडी ओट्याला टेकून म्हणाली. "सामना बघायला माणसं लागतात. नाहीतर सरळ देणगी मागा ना."

"सगळ्या मुलींनी विकली, तुलाच कुठली तत्त्वं सुचतायत? आण ते पुस्तक, उरलेली मी घेते."

"तू येणार?"

"म्हणजे? मी आयोजक आहे! मी नाही तर कोण येणार?"

"ते येणं नाही. तू बाहेर चहावाल्याशी भांडत असणार, नाहीतर फोनवर." मग जरा थांबून म्हणाली, "तू आमची एक तरी मॅच पूर्ण बघितलीस का गं?"

मी सांगायला लागले. जर्सी कोण धुतं, पाण्याचे कॅन कोण भरतं, मागच्या वेळी बस बिघडली तेव्हा दुसरी कोणी आणली...

"पूर्ण मॅच, आई."

"भाजी लागली," म्हणाले मी आणि गॅसकडे वळले. भाजी अजून फोडणीलाही टाकली नव्हती.

राग इतका आला होता की रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर. तिला सूट द्यायची सोय नव्हती. कॅप्टनच्या आईने तोंडावर सुनावलं असतं, नियम काय फक्त आमच्या पोरींना? आणि तिचं काहीच चुकलं नसतं. गुपचूप पैसे भरून टाकावेत, तर पुस्तक शिडीच्या दप्तरात आणि दप्तर तिच्या उशाशी. शनिवारी तिने आपणहून कोचना जाऊन सांगितलं, माझं पुस्तक संपलेलं नाही, मी बाकावर बसेन. तरीही रात्री तिने गुडघ्याचे पॅड धुऊन दोरीवर वाळत घातले. ते दोरीवर बघितले आणि मला तिचा नव्हे, माझाच संताप आला.

रविवार. हॉलमध्ये खुर्च्यांच्या रांगाच रांगा. बॅनर मोठा केला होता, हो, केला एकदाचा! दोन्ही टीम येऊन चेंडू उडवत होत्या. पालक गाडीतून मुलींना दारात सोडत होते, हात हलवत होते आणि निघून जात होते. मला वाटलं, गाडी लावून येतील. सामन्याची वेळ झाली, टळली, कोणी येईना. पहिली रांग तेवढी अर्धी भरलेली आणि मागे नुसत्या रिकाम्या खुर्च्या.

मी कॅप्टनच्या आईला फोन लावला. "अहो, आहात कुठे?"

"घरी. का हो?"

"सामना आहे ना! तिकिटं घेतलीत ना तुम्ही?"

"घेतली की! पंचवीसच्या पंचवीस आम्हीच घेतली. आता आणखी काय राहिलं?"

"अहो, यायचं होतं!"

"पंचवीस वेळा?" ती म्हणाली. चेष्टा करत नव्हती, खरंच विचारत होती.

मी एकेकाला फोन लावत गेले. सगळीकडे तीच कथा. पोरीला खेळायला मिळावं म्हणून आईबापांनी अख्खी पुस्तकं स्वतःच विकत घेतलेली, पैसे दिले म्हणजे काम झालं, सुटलो. कोणाच्या फ्रिजवर तिकिटं चिकटवलेली, कोणाची ड्रॉवरमध्ये. एवढी सगळी तिकिटं खपली होती आणि ती दाखवून आत येणारा एक माणूस नव्हता. आणि हे सगळं माझ्या त्या नियमाने घडवलं होतं, दुसऱ्या कोणी नाही.

मग पहिल्या रांगेत कोण होतं? मी नीट बघितलं. मेडिकलवाला आणि त्याची म्हातारी आई. शाळेच्या बसचे ड्रायव्हरकाका, इस्त्रीचा शर्ट घालून. सलूनवाला, रविवारी, ऐन धंद्याच्या दिवशी दुकान बंद करून आलेला. शिडीच्या दातांना तारा लावणारी डॉक्टरीण. खालच्या मजल्यावरच्या दोन लहान बहिणी, त्यांचे आईवडील आणि त्यांचे दोघे शेजारी. मोजायची गरजच नव्हती. अकराच असणार.

आणि शिडी बाकावर. पॅड चढवलेले, बूट बांधलेले, मांडीवर सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या.

सामना सुरू झाला. मी माईकवरून रिकाम्या हॉलचं स्वागत केलं. माझाच आवाज भिंतीवर आपटून मला परत ऐकू येत होता. शिडीच्या जागी जी मुलगी उभी होती तिला चेंडू उचलून देणं जमत नव्हतं, बिचारी रडकुंडीला आली. पहिला सेट आम्ही सपाटून हरलो. कोच वहीत काहीतरी लिहीत होते आणि शिडी त्या वहीकडे बघत होती.

मेडिकलवाल्याच्या आईने मला हाताने खूण करून बोलावलं. "अहो, ती उंच मुलगी कधी खेळणार?"

"ती आज नाही खेळणार, आजी."

"म्हणजे? तीन मजले चढून आली होती ती आमच्याकडे. गुडघ्यांचं सांगितलं तिला, तर म्हणाली, आजी, तुम्हाला पुढची खुर्ची ठेवते, पण याच. तिच्यासाठी तर आलो आम्ही सगळे. कोणी बसवलंय तिला?"

"नियम आहे एक."

"कोणाचा मेला?"

"माझा," म्हणाले मी. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

तेवढ्यात मागून सल्लागार. आला होता, एक तो तेवढा आला होता! "ताई, सगळ्या खुर्च्या पुढे घेतल्या तर?"

मी त्याच्या हातात माईक दिला. खुर्च्यावाल्याचा हिशोब दिला, हॉलची किल्ली दिली. "घ्या. करा." तो किल्लीकडे बघत राहिला. मग आठवलं म्हणून माईक परत ओढून घेतला आणि सांगितलं, पुस्तकाचा नियम मी केला होता, तो चुकीचा होता, मी मोडतेय. ऐकायला तसं होतंच कोण, पण सांगितलं.

मग बाकापाशी गेले. "ऊठ. सर थांबलेत."

"माझी चौदा राहिलीत, आई."

"राहू दे. बाकीच्यांपैकी एकीनेही एक तिकीट विकलेलं नाही. तू अकरा विकलीस." मी पर्समधून पैसे काढले. "एक दे मला."

शिडीने माझ्याकडे बघितलं. बाटल्या खाली ठेवल्या, बॅगेतून पुस्तक काढलं, पेनाचं टोपण काढलं.

"येणार आहेस ना नक्की?"

"हो."

"पूर्ण? चहावाला आला तरी?"

"तो सल्लागार बघेल. फाड लवकर, सर बघतायत."

तिने तिकीट फाडून माझ्या हातात दिलं आणि धावत मैदानात गेली. कोचनी दुसऱ्या मुलीला बाहेर बोलावलं आणि वही मिटली. मी आजींच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. पहिल्याच चेंडूला शिडीची सर्व्हिस रेघेवर पडली आणि पंचांनी ती बाहेर दिली. पंचांचं चुकलं होतं, मला स्पष्ट दिसलं, मी बोलायला ताडकन उठले.

आजींनी माझा पदर ओढला. "खाली बसा हो. मागच्यांना दिसत नाही."

मागे एकही माणूस नव्हता. तरी बसले.