छातीवर बसलेला रॉड

मित्रांनो, मी वजन उचलायचा एक जुना रॉड आहे. भोपाळच्या एका सरकारी कारखान्याच्या वसाहतीत, क्लबामागच्या खोलीत, माझं सारं आयुष्य कोंडलं गेलं. कारखान्यातल्याच बाद शाफ्टमधून मला लेथवर कातलं. पहिल्या दिवशी सेक्रेटरीसाहेबांनी हार घातला होता! पुढे शहरात शाहपुऱ्याकडे चकचकीत जिम निघाल्या आणि आमच्या खोलीत कोळ्यांनी जाळी विणली.

येणारा एकच उरला, नीळकंठ. कारखान्यात तो क्रेन चालवायचा. दुपारी येऊन आतून कडी घालायचा. का, ते मला त्याच्या तळहातांनी सांगितलं. मला जमिनीवरून उचलून ताठ उभा राहिला की ते गार पडत. डोळ्यांपुढे अंधारी येई आणि मला टाकून तो भिंत धरी. गुरुवारचा कडक उपास, रिकाम्या पोटी वजनं आणि वर श्वास कोंडून धरायची खोड! दुसरं काय होणार? पण डॉक्टरांना कळलं तर क्रेनचं काम सुटेल, ही धास्ती. बायको कांचन वसाहतीच्याच दवाखान्यात नर्स, म्हणून तिच्यापासूनही चोरी. त्याला सांगायची सोय नाही आणि मला तोंड नाही. आम्ही दोघेही अडकलो होतो.

एका गुरुवारी बाकावर आडवा होऊन त्याने मला छातीवर घेतलं. वर ढकलताना श्वास कोंडला, हात लुळे पडले आणि मी त्याच्या छातीवरच बसलो. स्वतःच्या वजनाची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

तो काहीच न खाता गेला म्हणून कांचन उपासाच्या खिचडीचा डबा घेऊन मागोमाग आली होती. दार आतून बंद पाहून ती खिडकीशी धावली.

“अहो, आधी दम सोडा! आता रॉड पोटावरून मांड्यांकडे लोटा. आस्ते आस्ते.”

मी गडगडत मांड्यांवर आलो. मला खाली ठेवून तो झटकन उभा राहू लागला.

“उभे राहू नका! बसा, मान खाली घाला.”

बऱ्याच वेळाने त्याने कडी काढली. “कांचन, कुणाला बोलू नकोस. क्रेन जाईल माझी.”

“आणि क्रेनखाली उभे राहणाऱ्यांना बायकापोरं नाहीत का? मी नाही सांगणार. तुम्हीच सांगा.”

दुसऱ्या दिवशी त्याने डॉक्टरांना सांगितलं. क्रेन खरंच गेली, स्टोअरमध्ये बसावं लागलं. पंधरा दिवस तो माझ्याकडे फिरकला नाही. मग आला, जेवून, कांचनला घेऊन. आता तो कमी वजन लावतो, उचलताना श्वास सोडतो. गरगरलं की खाली बसून मोठ्याने सांगतो, “आली गं, चक्कर आली.”

मित्रांनो, तुम्हालाही गरगरलं तर आम्हाला खाली ठेवा. आम्ही लोखंडाचे आहोत, आम्हाला अपमान वाटत नाही.