कुशाबाईची पात

कुशाबाईने वल्हं पुन्हा पाण्यात खुपसलं आणि सगळा जीव खांद्यात आणून ओढलं. एकटीपुरती ती अरुंद होडी, कयाक, हातभर पुढे सरकली आणि माळशेजकडून आलेल्या वाऱ्याने तिला वीतभर मागे लोटलं. मढच्या बाजूचा काठ मघाशी होता तिथेच होता. पुढच्या चौघींच्या पिवळ्या कयाका मात्र लहान लहान होत चालल्या होत्या.

तिसऱ्या दिवसाची दुपार होती. पिंपळगाव जोग्याच्या धरणाला वळसा घालायचा, रात्री पाण्याकडेला तंबूत झोपायचं आणि आज मधलं पाणी आडवं कापून मढला उतरायचं, असा बेत होता. पाचही जणी पिंपळवंडीच्या, एकमेकींच्या रानात सावडीने खुरपणाऱ्या, कांदे काढणाऱ्या. धरण ही नुसती तयारी होती. जी हे पुरं करील तिला पुढच्या महिन्यात कोकणात न्यायचं, समुद्रात, किनाऱ्याकिनाऱ्याने चार दिवस. जी मध्येच मागून येणाऱ्या मोटरबोटीत बसेल ती घरी. हा नियम सुदर्शनचा. ओतूरचा हा पोरगा गोव्याला जाऊन कयाक चालवायला आणि शिकवायला शिकून आला होता आणि त्याच्या शिट्टीपुढे कुणाचं काही चालत नसे.

कुशाबाईला समुद्र हवाच होता. मागे एकदा मुलगा, सून, नातवंडं यांच्याबरोबर ती अलिबागला गेली होती. सगळे पाण्यात शिरले आणि हिला वाळूवर चपला राखायला बसवलं. कुणी दुष्टपणाने नाही; म्हातारी बसेल, असं ज्याने त्याने आपल्या मनाशी धरलं, एवढंच. भरती आली तेव्हा पाय भिजवावेत असं तिला फार वाटलं, पण चपला भिजतील म्हणून तिलाच ढीग उचलून मागे सरकावं लागलं. त्या दुपारचा राग तिने कुणाला बोलून दाखवला नव्हता, म्हणून तो तसाच ताजा राहिला होता. सुनेने, अश्विनीने, घरात या सहलीचा विषय काढला तेव्हा सगळ्यांआधी आपलं नाव घालायला लावलं ते कुशाबाईनेच.

गावात हसू झालं. दीर गोरख पारावर बसून म्हणाला होता, सरड्याची धाव कुंपणापर्यंत, तशी वहिनीची धरणापर्यंत. कुंपण मोडल्यावर बोला, भावजी, असं सुनावून ती पिठाचा डबा घेऊन गिरणीकडे निघून गेली होती. आता ते बोलणं खरं करायची वेळ आली, तर दंडांत रग भरली होती आणि उजवा खांदा कुरकुरत होता.

मागून मोटरबोट आली. इंजिनापाशी बोट चालवणारा सयाजी होता आणि पुढे सुदर्शन उभा.

“मावशी, बास आता. वारा वाढतोय. बोटीत या.”

कुशाबाईने मान वळवली नाही. दमले असं मी म्हणाले का, एवढंच तिने विचारलं. सुदर्शन समजुतीने बोलायला लागला. चौघी पार पुढे गेल्या, अंतर फार पडलं, एवढ्या वाऱ्यात दोन टोकांकडे लक्ष कसं ठेवायचं, उद्या काही झालं तर गावाला तोंड कसं दाखवायचं. त्याचं काही चुकत नव्हतं, आणि म्हणूनच कुशाबाईला जास्त राग येत होता. तिने वल्हं मारायचं थांबवलं नाही.

एवढ्यात पुढच्या चारी कयाका वळल्या आणि वारा पाठीशी घेऊन तिच्याकडे यायला लागल्या. सुदर्शनने शिट्टी फुंकली, हात हलवले, पण एकीनेही ऐकलं नाही. त्याला बिचाऱ्याला कळेना की या बायका काठाला पोचत आल्या असताना माघारी का फिरल्या. खुरपताना प्रत्येकीच्या वाट्याला एक पात असते, रानाच्या या बांधापासून त्या बांधापर्यंतचा पट्टा. जिची आधी सरते ती बांधावर चढून बसत नाही. ती मागे पडलेलीच्या पातीला समोरून लागते आणि मग सगळ्या मिळून बाहेर पडतात. हातापायांना लागलेलं वळण पाण्यात उतरलं म्हणून सुटत नाही.

सुदर्शनने कपाळावर हात मारला. “अहो, तुमी माघारी आल्यानं या मावशींचं कापायचं पाणी कमी झालं का?”

चौघींनी एकमेकींकडे पाहिलं. हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मग अश्विनीला सुचलं. तिने कयाकमधली दोरी काढली, आत्याबाई, थोडंच ओढतो, असं म्हणत सासूच्या कयाकच्या टोकाला अडकवली. कुशाबाईने वल्ह्याच्या फटक्याने ती दोरी पाण्यात उडवली.

“माझी पात कुनी धरायची न्हाई.”

अश्विनीचं तोंड एवढंसं झालं.  मग चौघींतली अंगाने सगळ्यांत बारकी, भागू, शांतपणे म्हणाली, “माझी धरताना इचारलं व्हतंस का कदी?”

कुशाबाईचं वल्हं थांबलं. रानात भागूचा हात कायम सावकाश चालायचा. कुशाबाईची पात सगळ्यांच्या आधी सरायची, आणि मग ती साऱ्या शिवाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, भागीची ऱ्हायली गं, आणि हसत हसत तिच्या पातीत शिरायची. भागू खाली मान घालून खुरपत राहायची. उपकाराने लाजते, असं कुशाबाई समजत आली होती. आता वर्षानुवर्षांची ती खाली घातलेली मान तिला एकदम नीट दिसली आणि वाऱ्यातही तिचे कान तापले.

“न्हाई इचारलं,” ती म्हणाली.

“मंग मी इचारते. धरू का?”

“नगं.”

भागूने मान डोलावली. जन्मभर आपल्या तोंडून न निघालेला शब्द दुसरीच्या तोंडून ऐकावा, तसं समाधान तिच्या चेहऱ्यावर दिसलं. मग तिने कयाक फिरवली आणि मोटरबोटीच्या नाकासमोर आडवी नेऊन उभी केली. सयाजीने घाईघाईने इंजिन बंद केलं.

बाजूला व्हा, जबाबदारी माझी आहे, असं सुदर्शन बोलायला लागला. भागूने त्याला पुरं बोलू दिलं.

“तिनं नगं म्हनलंय,” ती म्हणाली. “ती बुडत न्हाई, मागं ऱ्हायलीया. मागं ऱ्हानं आन बुडनं येक नसतं, बाबा. मला इचार, मी जल्मभर मागं व्हते.”

सुदर्शनने शिट्टी तोंडाशी नेली आणि तशीच खाली सोडली. थोडा वेळ तो कुशाबाईच्या हातांकडे बघत राहिला. मग म्हणाला, काठ धरून चला, तिथं वारा कमी लागतो, आणि मी मागेच राहणार, त्याला नाही म्हणायचं नाही. हे कुशाबाईने मान्य केलं. चौघींना तिने पुढे हाकललं. अश्विनी जाताना दहा वेळा वळून बघत होती, म्हणून तिला पुढं बघ असं मुद्दाम ओरडून सांगावं लागलं.

काठाकाठाने लांब पडत होतं, पण पाणी जरा ऐकत होतं. कुशाबाई वल्हं मारत राहिली. आधी गोरखच्या नावाने मारलं, मग मुलाच्या, मग ज्याने त्या वाळूवर पहिली चप्पल तिच्यापुढे टाकली त्याच्या. पुढे नावं संपली. नंतर कुणाचाच राग उरला नाही, नुसतं वल्हं उरलं, एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे. दुखणारा खांदा दुखतच होता. तिने त्याला दुखू दिलं.

ऊन कलतं झालं तेव्हा कयाकचं नाक मढच्या चिखलाला घासलं. मागे मोटरबोट थांबली. काठावर चौघी उभ्या होत्या. अश्विनी पुढे व्हायला निघाली, तर भागूने तिचं कोपर धरून तिला जागेवर ठेवलं.

कुशाबाईने दोन्ही कडांना धरून उठायचा प्रयत्न केला. कमरेखालचं अंग जणू दुसऱ्याचंच होतं. ती पुन्हा आत बसली. परत जोर केला आणि परत बसली. काठावर कुणी हसलं नाही. सुदर्शन उगाच दोरी गुंडाळत होता. धरण तर झालं होतं, समुद्र तिचा होता, आणि चिखलाची तेवढी दोन पावलं राहिली होती.

तिने वर पाहिलं.

“भागे,” ती म्हणाली. पुढचं बोलायला तिला वेळ लागला, कारण असलं काही मागायची तिच्या जिभेला सवय नव्हती. “हात दे गं मला.”

भागू पदर खोचून, काही घाई न करता, चिखलात उतरली.