झिजलेली दुसरी जागा

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पट्टी आहे, आणि जुनी असल्याचा मला भारी अभिमान आहे. शाळेच्या सुताराने मोडक्या बाकाच्या फळीतून मला घडवले आणि माझ्या अंगावर एक लांब खाच पाडली. त्या खाचेत इंग्रजीच्या बाई शब्दांची कार्डे उभी करायच्या.

आठवीची मुले लिहायची इंग्रजी, पण डोक्यात मराठी! 'ती चहा करते' याचे 'शी टी मेक्स' असे लिहून मोकळी व्हायची. बाई लाल पेन उघडत नसत. मुलाला माझ्यापाशी बोलावून कार्डे हातात देत आणि वाक्य लावायला सांगत.

त्या वर्गात एक मुलगी होती. आधीच्या शाळेत तिची वही इतकी लाल झाली होती की तिने इंग्रजी लिहिणेच सोडले. मुले तिला 'कोरी' म्हणत. "यंदा नापास झालीस तर शाळा बंद, शिवणकामाला बसायचं," असे आईने बजावले होते.

बाईंनी तिला माझ्यासमोर बसवले. तिने कामाचा शब्द, म्हणजे क्रियापद, शेवटी लावला आणि रडवेली झाली. "चुकलं ना?"

"अगं, आपण बोलतो तसंच लावलंस. आता हलवून बघ. इथे कुठे लाल शाई लागतेय?"

तिने ते कार्ड इकडे ठेवले, तिकडे ठेवले, अखेर दुसऱ्या जागी बसवून 'शी मेक्स टी' असे मोठ्याने वाचले. मला अगदी भरून आले! हळूहळू तिची वही भरू लागली. ती पास झाली आणि आईने शिवणकामाचे नाव पुन्हा काढले नाही.

पुढे बाई निवृत्त झाल्या, वर्गात मोठा पडदा आला आणि मला खिडकीला टेकू म्हणून लावले. वाईट वाटायचे, खोटे कशाला सांगू?

परवा एक नर्स लेकीची वही बघायला शाळेत आली. पुढची पाने लालेलाल, मागची कोरी. नर्सने खिडकीकडे पाहिले आणि मला ओढून काढले. खिडकी धाडकन आपटली. मी तिला लगेच ओळखले. ती आमची कोरीच होती!

तिने मला रुमालाने पुसले. लेकीने खाचेतून बोट फिरवले. "आई, इथे दुसऱ्या जागी एवढं का झिजलंय?"

"सगळे चुकायचे आणि मग कार्ड उचलून तिथे आणायचे. मीसुद्धा."

लेकीने वहीतले एक कोरे पान फाडले आणि त्याची कार्डे करायला बसली.

मित्रांनो, मला जपले नाहीत तरी चालेल. पण कुणाची वही लाल करण्याआधी त्याला एकदा शब्द हलवून बघू द्या. मी अजून झिजायला तयार आहे.