चांदीसाठी पाठवलेली सरकी

माझ्या दिराला, चंद्रप्पाला, तो सहा वर्षांचा असल्यापासून मी वाढवलं. पुढं तो जनावरांचा डॉक्टर झाला, परभणीकडच्या एका संशोधन केंद्रात लागला. मी निजामाच्या राजात दुसरीपर्यंत शिकलेली. मालक गेल्यापासून घरात कागद आला की तो वाचणार आणि मी सही करणार, हीच रीत.

एकोणनव्वदच्या दिवाळीत तो एक फॉर्म घेऊन आमच्या गावी, चारठाण्याला आला. केंद्रात म्हणे जनावराच्या पेशी बाटलीत वाढवतात आणि त्यांच्या पोटात बाहेरचा जीन घालतात.

"जीन म्हंजे काय रे?"

"बी समज, वैनी. रोगाशी कसं लढायचं ते पेशीला शिकवणारं."

पण पेशी ते घेतच नव्हत्या. चुन्यासारख्या बारीक कणांत बांधून दिलं तरी शंभरातल्या दोनच घेत. म्हणून त्याला आमच्या म्हशीची वगार, चांदी, न्यायची होती. तिच्या कानाचा कपटा हवा होता.

"फक्त कान?"

"फक्त कान. महिन्यात परत आणतो."

त्यानं फॉर्म खणखणीत वाचून दाखवला. मी सही केली.

महिना गेला, दुसरा गेला. गावी आला की मी विचारायचे, तो म्हणायचा, "खुशाल हाय, हिरवा घास खायलीय." मी दर पंधरा दिवसाला सरकीचं गाठोडं बांधून एस्टीच्या कंडक्टरजवळ द्यायचे. शेजारची कडूबाई हसायची, "मल्लम्मा, सरकारी गोठ्याला घरची सरकी व्हय?"

"माझी वगार शास्त्राच्या कामाला गेलीय, कडूबाई. तुझी उकिरड्याच्या पुढं गेली का कवा?"

असं सव्वा वर्ष गेलं. यंदा संक्रांतीला चंद्रप्पा परत आला, हातात तसाच फॉर्म. चांदीच्या आईला दुसरी वगार झाली होती, तिच्यासाठी. पाण्याचा तांब्या हातात घेऊन खुशीत सांगायला लागला, "वैनी, आता शंभरात तीस पेशी जीन घ्यायल्यात! कोवळ्या, फुटत्या पेशी पायजे होत्या. कानाच्या लय सुस्त. मूत्रपिंडाच्या चटकन घेतात."

मी सूप खाली ठेवलं. "मूत्रपिंड कानात असतंय व्हय रे?"

 मी त्याच्या हातातला फॉर्म ओढला आणि बोट ठेवून अक्षर अक्षर जोडायला लागले.

"दे इकडं, मी वाचतो."

"तुमी बसा, साहेब."

चुलीवरची डाळ आटून करपली तरी मी उठले नाही. चौथी ओळ लागली. जनावर परत मिळणार नाही, अवयव काढून घेतले जातील.

"ही ओळ मागच्या कागदात होती?"

"होती."

"मग वाचली का न्हाईस?"

"तू सही केली नसतीस."

"कवा मारलीस तिला?"

"नेल्यावर आठव्या दिवशी."

"आन सरकी?"

"केंद्राच्या गायींना घातली. तुला वाईट वाटू नये म्हणून घेत राहिलो." मग घाईनं म्हणाला, "चांदीच्या पेशी बाटलीत लय दिवस जित्या होत्या, वैनी. आता थकल्या. नवी वगार न्हाई मिळाली तर माझी तीन वर्षं वाया जातील."

"खरं सांगून मागायची होतीस. देयाची का न्हाई ते मी ठरवलं असतं. तू माझ्या तोंडातला नकार चोरलास, चंद्रप्पा. वगारीपेक्षा तो मोठा होता."

त्यानं पेन पुढं केला होता, तो तसाच खिशात घातला. सही न घेता तो दुपारच्या एस्टीनं गेला. मी त्याला जेव म्हटलं नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच.

मग मी ट्रंक उघडली. मालक गेल्यापासूनचे सतरा वर्षांचे कागद. वरचाच कागद माझ्या आणि चंद्रप्पाच्या शेताच्या वाटणीचा होता. तोही मला चंद्रप्पानंच वाचून दाखवला होता.

मी दारात उजेडाला बसले आणि पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं.