खिडकीतल्या चार बाटल्या

कुसुमताईंनी पांढऱ्या लगद्याचा चमचा आम्लाच्या पेल्यात ढवळला, दहा मिनिटं वाट पाहिली आणि निळा लिटमस कागद बुडवला. तो झटकन लाल झाला. पोटातली जळजळ शमवायला केलेलं औषध आम्लाकडे ढुंकूनही पाहत नव्हतं. या महिन्यातलं हे तिसरं पिंप वाया गेलं.

"मीरासाहेबाला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलंय," कारखान्याचे मालक अर्जुनराव दारातूनच म्हणाले.

मीरासाहेब टाकीवरचे कामगार. तुरटीच्या पाण्यात कॉस्टिक सोडा सोडायचा आणि तयार झालेला लगदा धुवायचा, हे त्यांचं काम. तळेगावला त्यांच्या घरची चुन्याची भट्टी होती. चुना पाण्याखाली मुरला की लोण्यासारखा होतो, हे लहानपणापासून पाहिलेलं. म्हणून हा लगदाही ते धुण्याआधी पाच-पाच दिवस टाकीत मुरवत. विचारल्यावर त्यांनी ते लपवलंही नाही, आणि पिंपं त्यामुळेच बिघडली असं अर्जुनरावांनी ठरवून टाकलं.

"मुरवतायत ते गेल्या दोन वर्षांपासून," कुसुमताई म्हणाल्या. "पिंपं बिघडतायत या महिन्यात."

"माणूस कबूल झालाय, बाई. आता आणखी काय शोधणार?"

"आठ दिवस द्या मला."

वाद नको म्हणून अर्जुनरावांनी ते दिले. चिंचवडच्या त्या शेडमध्ये बाईमाणूस रसायनतज्ज्ञ म्हणून ठेवल्याचा त्यांना अधूनमधून पश्चात्ताप होत असे, आणि कुसुमताईंना ते पक्कं ठाऊक होतं.

त्यांनी खिडकीत चार बाटल्या मांडल्या. तुरटी सगळ्यांत सारखी, सोडा मात्र चढता. रोज सकाळी पदर खोचून त्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावत. पहिल्या दोन बाटल्यांतला लगदा आठ दिवस मऊच राहिला. तिसरीत सहाव्या दिवशी बारीक, टोकदार स्फटिक दिसले. चौथीत तर रवाळ साका तळाशी बसला होता. पदार्थ तोच होता, पण कणांनी आपली मांडणी बदलली होती, आणि या नव्या रूपात आम्लाला ते दाद देत नव्हते.

चौथीतलं सोड्याचं माप टाकीजवळच्या चिठ्ठीवर होतं. तुरटी थोडीही वाया जाऊ नये, म्हणून गेल्या महिन्यात सोडा वाढवायला सांगणारी ती चिठ्ठी कुसुमताईंनीच लिहिली होती.

गप्प राहिलं असतं तर कुणालाही कळलं नसतं. पण त्यांनी सगळं कागदावर लिहिलं, खाली सही केली आणि तो अर्जुनरावांच्या टेबलावर ठेवून तडक मीरासाहेबांच्या आकुर्डीतल्या घराची वाट धरली.

मीरासाहेब अंगणात बाज विणत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हातातली सुतळी मात्र सोडली नाही.

"पानी हाताला बुळबुळीत लागाया लागलं, तवाच सोडा जादा झाल्याची मला शंका आली हुती, ताई."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी शिकल्याल्या. म्हटलं, तुमचं बरोबरच आसंल."

कुसुमताईंना भयंकर लाज वाटली. महिनाभर रोज टाकीवरून जाताना त्यांनी या माणसाला एकदाही काही विचारलं नव्हतं.

"उद्या कामावर या," त्या म्हणाल्या. "मी सगळं लिहून दिलंय. काढायचं झालं तर ते मला काढतील."

मीरासाहेबांनी सुतळीला गाठ मारली, टोपी घातली आणि वहाणा पायात सरकवल्या.

"उद्या कशाला? मालक आसतील आजून. तुमची चूक तुमी लिवली, पर मला कळून बी म्या गप ऱ्हायलो, त्ये त्यात न्हाई. त्ये बी लिवायला लावतो."

कुसुमताई नको म्हणणार होत्या, पण ते वाटेला लागलेही होते.