पुढे चालणारा डोंगा

मी एक जुना डोंगा आहे. मित्रांनो, फळ्या जोडून केलेली नाव तुम्ही पाहिली असेल. डोंग्याला फळी नसते, खिळा नसतो. एकच झाड आतून कोरले की डोंगा होतो. तो लांब आणि अरुंद असतो. त्यात माणसे एकामागे एक बसतात आणि मागे उभा राहिलेला माणूस वल्ह्याने किंवा बांबूने त्याला चालवतो.

माझे झाड अर्जुनाचे. प्राणहितेच्या काठी, सिरोंच्याच्या वरच्या अंगाला ते उभे होते. एका पुराने त्याच्या मुळांखालची माती नेली आणि ते आडवे झाले. तेव्हा आमचा सारा मुलूख चांदा जिल्ह्यात मोडत असे. जवळच्या वस्तीतल्या वारलू नावाच्या मासेमार ढिवराने ते पडलेले झाड पाहिले. उभे झाड तोडून माझा जन्म झाला नाही, याचे मला अजूनही बरे वाटते.

वारलू आणि त्याची बायको गुणाबाई यांनी मला एका हिवाळ्यात घडवले. वारलू वाकसाने तासायचा. जिथे वाकस पोचत नसे, तिथे निखारे ठेवून लाकूड जाळायचा. गुणाबाई शेजारी ओला चिखल घेऊन बसायची आणि आग जिकडे सरकायला नको तिकडे चिखल लिंपायची.

"बूड जाड राहू द्या जी," ती म्हणायची, "नाई त बसल्या बसल्या खालचे मासे दिसतीन!"

वारलू हसायचा, पण निखारे मागे घ्यायचा. माझे बूड जाड राहिले ते तिच्यामुळे.

पहिली काही वर्षे मी मासेमारी केली आणि बाजारच्या दिवशी माणसांना पलीकडे नेले. मग आमच्या भागात एक नवे रेंजर साहेब आले. लोकांनी बंदूक घरी ठेवून जंगल पाहायला यावे, असे त्यांना फार वाटे. नदीकाठी सरकारी बंगला होता. साहेबांनी चांद्याच्या, नागपूरच्या ओळखीच्या लोकांना बोलावले आणि वारलूला सांगितले, "यांना नदी दाखवून आण."

तेव्हापासून नदीची सैर सुरू झाली. दिवाळी सरली, पाणी निवळले की पाहुणे येत. वस्तीतले चार-पाच डोंगे एकामागे एक निघत आणि मी सगळ्यांच्या पुढे असे. पाण्याखाली कुठे खडक आहे, कुठे वाळू सरकली आहे, हे वारलू ओळखत असे, म्हणून पुढची जागा आमची. डाव्या हाताला सागाचे रान पाण्यापर्यंत उतरलेले असे. उजव्या हाताचा काठ तेलुगू मुलखाचा. मधे पांढऱ्या वाळूची बेटे. कुठे कातळावर मगर ऊन खात पडलेली, कुठे पाणमांजरांची पिले एकमेकांच्या पाठीवरून घसरत खेळणारी. काही दिसले की वारलू वल्ह्याचा दांडा माझ्या काठावर हळूच एकदा वाजवी. मागचे सगळे डोंगे थांबत. कोणी बोलत नसे. पाण्याचा थेंब वल्ह्यावरून गळतानाही ऐकू येई.

निघण्याआधी वारलू पाहुण्यांना सांगत असे, "उभं राहू नोका, भांडू नोका, आन् मगरीले खडा मारू नोका. तिनं तुमचं काई केलं नाई."

एकदा चांद्याचे एक धिप्पाड वकील माझ्यात बसले. त्यांनी विचारले, "आणि डोंगा उलटला तर?"

"उलटला त सरळ करू, भाऊ," वारलू म्हणाला. "तुमी कूस बदलू नोका, बस."

वकील इतके स्थिर बसले की एक चतुर उडत येऊन त्यांच्या टोपीवर बसला आणि पुढच्या वळणापर्यंत तसाच राहिला. परत आल्यावर ते म्हणाले, "पाळण्यात सुद्धा इतकी स्वस्थता नव्हती." ते ऐकून मला केवढा अभिमान वाटला!

उन्हाळा हा माझ्या विश्रांतीचा काळ. होळी झाली की वारलू मला सावलीतल्या डोहात नेई, माझ्यात दगड भरी आणि मला पाण्याखाली बुडवून ठेवी. पाण्यात राहिलेल्या लाकडाला आमच्याकडचे ऊन लागले तर ते फाटते. पाण्याखाली ते सुखरूप राहते. एका पाहुण्या बाईंनी हे पाहिले आणि त्या कळवळल्या. "अहो, चांगला डोंगा बुडवताय काय?"

"बुडवून नाई राह्यलो, बाई," गुणाबाई म्हणाली. "झोपवून राह्यलो. झड लागली का उठवू."

मित्रांनो, माझे सुख असे चालले होते. एका वर्षी माझे कौतुक वरपर्यंत पोचले. मोठे साहेब मला पाहायला येणार, असे कळले. रेंजर साहेबांनी मला बंगल्यापुढच्या अंगणात नेऊन दोन ओंडक्यांवर ठेवले. अंगाला चकचकीत पॉलिश केले. बाजूवर पांढऱ्या रंगाने लिहिले, 'वारलूचा डोंगा'. वारलूला वाचता येत नव्हते. त्याने तिघांकडून ते वेगवेगळे वाचून घेतले. तिघांनीही तेच वाचले, तेव्हा त्याचा विश्वास बसला.

होळी झाली. गुणाबाई म्हणाली, "आता डोहात न्या त्याले."

"मोठे साहेब येऊन राह्यले ना वो. चार दिवस थांब. नाव लिवलं हाये त्याच्यावर."

"उन्ह काई नाव वाचून थांबन का?"

वारलूने एकदा भीतभीत विषय काढला. रेंजर साहेब हसून म्हणाले, "अरे, इतका सुंदर डोंगा पाण्यात कुजवायचा? इथे राजासारखा राहू दे." वारलूने पुन्हा सांगायला हवे होते. पण त्यालाही मी तिथे आवडत होतो. येणारे-जाणारे थांबत, नाव वाचत, आणि तो लांबून पाहत उभा राही. मोठ्या साहेबांचे येणे पुढे पुढे गेले. गुणाबाई ओली पोती आणून माझ्यावर टाकी. बंगल्याचा चौकीदार रामाजी ती काढून ठेवी.

"पालिश खराब होते, बाई. साहेब मले बोलतीन."

वैशाखातल्या एका दुपारी माझ्या डाव्या अंगातून असा आवाज निघाला की रामाजी काठी घेऊन जंगलाकडे धावला. त्याला वाटले, कोणी चोरून बंदूक उडवली. परत येऊन पाहतो तर माझ्या काठापासून बुडापर्यंत चीर पडलेली.

रेंजर साहेब आले. चिरेत त्यांची बोटे सहज गेली. वारलू आला आणि चिरेवर तळहात ठेवून बसला. गुणाबाईने कोणाला दोष दिला नाही. ती एवढेच म्हणाली, "अदुगर पान्यात न्या."

पावसाळाभर मी पाण्याखाली होतो. लाकूड फुगले आणि चीर केसाएवढी झाली. वारलूने तीत ताग ठासला, वरून राळ ओतली. कार्तिकात मला वर काढले तेव्हा संथ पाण्यावर माझ्यात एक थेंबही आला नाही. रेंजर साहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकला. कारण त्या हिवाळ्यात नागपूरची मुलींची एक शाळा येणार होती. ती फेरी नीट झाली तर दरवर्षी शाळा येणार होत्या. नीट झाली नाही तर वरचे साहेब सैरच बंद करणार होते. वस्तीतल्या सगळ्या डोंग्यांचे हिवाळ्याचे काम त्या एका फेरीवर होते.

आदल्या दिवशी गुणाबाईने माझ्यात पोरींच्या वजनाचे दगड घातले आणि म्हणाली, "आता खळाळातून काढा."

खळाळात पाणी दगडांवरून उड्या घेत जाते. तिथे माझे अंग पिळवटले आणि चिरेने तोंड उघडले. पाणी आत आले. दोघांनी ते उपसत मला काठाला आणले.

मग वारलू म्हणाला, "उपसत उपसत जाता येते."

"तुमाले येते. दुसऱ्याच्या लेकरायले काऊन नेता?"

"सैर बंद झाली त?"

"झाली त झाली. नदीत मासे हायेत अजून."

वारलू राळेचा तुकडा हातात चोळत बसला.

सकाळी मुली घाटावर जमल्या. त्यांच्या शिक्षिका आशाबाई सर्वांत पुढे होत्या. वस्तीतली माणसे आपापल्या डोंग्याजवळ उभी होती. वारलू आशाबाईंच्या समोर गेला.

"बाई, माह्या डोंग्याले चीर हाये. याच्यात कोणी पोरगी बसनार नाई."

वस्तीतली माणसे खाली पाहू लागली. तेवढ्यात रेंजर साहेब पुढे झाले. "चीर माझ्यामुळे पडली आहे," ते म्हणाले. "हा नको म्हणत होता, बाई."

आशाबाईंनी वाकून चीर पाहिली. "मग पुढे कोण जाणार? वाट कोण दाखवणार?"

"वाट मीच दाखवतो. रिकामा डोंगा तरते. उपसाले गुणा हाये."

"मग आमच्या दोन फेऱ्या करा," आशाबाई म्हणाल्या. "अर्ध्या मुली आता, अर्ध्या दुपारी. एक डोंगा कमी झाला, नदी थोडीच कमी झाली?"

आम्ही निघालो. मागे वारलू, पुढे भोपळ्याच्या कवटीने पाणी उपसणारी गुणाबाई, आणि मधे मी रिकामा. मागच्या डोंग्यातून एका मुलीने हाक मारली, "मावशी, काय करताय?"

"नदी उपसून राह्यली, पोरीहो! तळ दिसला का सांगजा!"

मुली इतक्या हसल्या की वाळूवरचे बगळे उडाले. पुढच्या वळणावर वारलूने दांडा एकदा वाजवला आणि सगळे शांत झाले. कातळावर पाणमांजर आपल्या पिलाला मासा भरवत होती. गुणाबाईनेही कवटी मांडीवर धरून ठेवली. तेवढ्या वेळात माझ्यात घोट्यापर्यंत पाणी साचले, पण कोणी हलले नाही.

दुपारची फेरीही तशीच झाली. जाताना आशाबाई रेंजर साहेबांना म्हणाल्या, "पुढच्या वर्षी आमची जागा राखून ठेवा."

त्यानंतर मी पुन्हा पुढे गेलो नाही. वारलूने दुसरा डोंगा कोरला. मला शेवटचे डोहात नेले, तेव्हा रेंजर साहेबांनी बूट काढले, धोतरासारखी पाटलोण वर दुमडली आणि स्वतःच्या हाताने माझ्यात दगड ठेवले. वारलू काठावरून सांगत होता, "हळू, साहेब. डोक्याकडं एक आनखीन." आता माझ्या चिरेतून बारीक मासे आत-बाहेर करतात. पांढरी अक्षरे शेवाळाखाली गेली आहेत.

मित्रांनो, माझ्यावर कोणाचा राग नव्हता. मला चीर पडली ती कौतुकाने. म्हणून एवढेच मागतो: एखादी वस्तू, एखादे झाड किंवा जनावर तुम्हाला आवडले तर त्याला सजवण्याआधी ते कशावर जगते, हे कोणाला तरी विचारा. आणि कधी प्राणहितेवर आलात, काठाशी पाण्याखाली काळसर, लांबट काही दिसले, तर वाईट वाटून मला वर काढू नका. मी इथे बरा आहे.