माप नसलेलं भाकीत

"गप्प! एकदम गप्प! भूमी बोलतेय!"

इमारतीच्या चौकात पन्नासेक माणसं श्वास रोखून उभी होती. मधोमध फरशीला कान लावून भूमीबाबा पालथे पडले होते. डोळे मिटलेले, दाढी धुळीत, उजवा हात वर. वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली. कुणाचं तरी बाळ रडायला लागलं, तर सात जणांनी त्याला दटावलं. आणि मग बाबांचं ते वर धरलेलं बोट थरथरलं.

"येतोय!"

शब्द तोंडातून बाहेर पडतो न पडतो तोच तिन्ही मजल्यांवरची भांडी खणखणली, खिडक्यांची तावदानं वाजली आणि दोरीवरचे कपडे आपोआप झुलले. दोन सेकंदांत सगळं शांत.

"बघितलंत? आधी सांगितलं! आधी!" वरच्या मजल्यावरच्या काकू ओरडल्या आणि गर्दीनं धडाधड हात जोडले.

भिंगरीनं मात्र हात खिशात घातले. भिंगरी म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या शिंप्याची मुलगी. वय पंधरा, दहावीचं वर्ष, तोंडाचा पट्टा चोवीस तास सुरू. लोक ज्यांना भूमीबाबा म्हणत, त्यांना ती घरात थरथरबाबा म्हणायची आणि आईची बोलणी खायची.

दोन महिन्यांपूर्वी पहिला मोठा धक्का बसला होता. तेव्हापासून दिवसातून सहा-सात वेळा जमीन अंग झटकत होती. पहिल्या धक्क्यात जिन्याजवळच्या जाड खांबाला तडा गेला. आदल्या दिवशी तपासणीला आलेल्या इंजिनीअरबाईंनी तड्यावर बोट फिरवलं आणि स्पष्ट सांगितलं, "टेकू लावेपर्यंत इथे राहू नका. शाळेच्या हॉलमध्ये सोय केली आहे." निम्म्या लोकांनी वळकट्यासुद्धा बांधल्या होत्या.

पण तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत बाबांचा मुक्काम होता. रिकाम्या इमारतीत त्यांना कोण विचारणार?

"कुठे पळाल?" त्या खणखणाटानंतर बाबांनी बसक्या आवाजात सुरू केलं. "पाताळाच्या पोटात कळ आली आहे. ते बाळंत झाल्याशिवाय राहायचं नाही. हॉलमध्ये कळ नाही का पोहोचणार? मी या इमारतीभोवती रेघ ओढतो. सात दिवस कोणी ओलांडू नका. एकानं जरी ओलांडली, तरी सगळ्यांवर छप्पर येईल. एकाच्या पायाचं पाप पन्नासांच्या डोक्यावर!"

मग बाबांनी लाल रंगाची रेघ ओढली, दाराच्या लोखंडी जाळीला कुलूप घातलं आणि किल्ली वर धरली. "ही कोणाकडे ठेवू? ज्याच्या शब्दाला वजन आहे त्याच्याकडे."

सगळ्यांनी एकदम भिंगरीच्या बाबांकडे बघितलं. शिंपीदादांनी दिलेली तारीख कधी चुकली नव्हती. त्यांनी दोन्ही हात पुढे करून किल्ली घेतली. आता कैदेची किल्ली तिच्याच घरात, आणि ती मागायची चोरी.

पहिले दोन दिवस भिंगरीनं घरभर येरझारा घातल्या. शाळा नाही, मैत्रिणी नाहीत. दूध, भाजी जाळीच्या फटीतून टोपलीनं आत यायची. रस्त्यावरून जाणाऱ्या मैत्रिणी हात हलवायच्या आणि ती जाळीच्या गजांना नाक लावून उभी राहायची. तिसऱ्या दिवशी तिनं तड्यावर शिंपीखडूनं आडवी रेघ मारली. चौथ्या दिवशी उजाडताच रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून लांब गेलेले दिसले. आधी तड्यात सुई जायची, आता पेन्सिल जात होती. आणि त्या खांबाच्या बरोबर वर तिच्या आईबाबांची झोपायची खोली होती.

"बाबा, चला ना. किल्ली द्या."

"शब्द दिलाय मी."

"पण खांब..."

"भिंगरे!" शिंपीदादांनी मशीन थांबवलं. त्यांचा आवाज अगदी लहान झाला. "पहिल्या धक्क्यात कपाट पडलं तेव्हा तुझी आई क्षणापूर्वी तिथून उठली होती. क्षणापूर्वी! तेव्हापासून मला एकच हवंय. कोणीतरी मला नक्की सांगावं, कधी ते. बाकी कोणी सांगत नाही. हे सांगतात."



भिंगरी समोरच्या स्टुलावर बसली. शिंपीदादा एका गणवेशाची बाही कापत होते. खडूनं खूण, मग खुणेच्या बाहेर दोन बोटं जागा सोडून कात्री. शिवणीत दाबायला सोडलेल्या या जादा कापडाला शिंपी माया म्हणतात.

"बाबा, दोन हात माया सोडली तर?"

"तर काय? पोतं होईल. कुणालाही बसेल."

"कुणालाही बसेल," भिंगरी पुटपुटली आणि ताडकन उभी राहिली. स्टूल उलटलं.

त्या क्षणापासून तिची गाडी सुसाट सुटली. सुई टोचू नये म्हणून शिंपी बोटात जी धातूची टोपी घालतात, ते अंगुस्तान तिनं दोऱ्याला बांधून काचेच्या ग्लासात असं टांगलं, की जरा हललं तरी टिण्ण व्हावं. मग जुनी मापाची वही घेतली आणि आईला पहाऱ्यावर बसवलं.

"मी काय करायचं?" आई म्हणाली.

"टिण्ण वाजलं की वेळ लिहायची."

"आणि आमटी?"

"आमटी सांभाळत लिहायची."

वरच्या मजल्यावर पोस्टातले काका राहत. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, तरी कागद हातात आला की त्यावर तारीख, वेळ घालून सही ठोकायची सवय सुटली नव्हती. भिंगरीला नेमका तोच माणूस हवा होता. रोज सकाळी ती बटणांच्या डब्यात डोळे मिटून हात घालायची. पांढरं बटण निघालं तर धक्का सकाळी, काळं निघालं तर दुपारी, तपकिरी निघालं तर संध्याकाळी. तसं चिठ्ठीवर लिहायचं, काकांनी पाकीट बंद करून वर वेळ घालायची. आणि भूमीबाबा जाळीपाशी उभे राहून रोज जे भाकीत सांगत, तेही काका शब्दन् शब्द उतरवून घेत.

सहाव्या दिवशी सकाळी भूमीबाबा कान लावायला चौकात आले, तेव्हा जिन्याच्या पायरीवर भिंगरी ग्लास घेऊन बसली होती.

"बाबाजी, आज मीपण ऐकते. चालेल?"

"ऐक बाळ, ऐक," बाबा मायेनं म्हणाले. "बारा वर्षं तप केलंस की ऐकू येईल."

"बारा वर्षं कशाला? मला दुपारी अभ्यास आहे."

लोक खुसखुसले. बाबांनी फरशीला कान लावला. भिंगरीनं ग्लास फरशीवर ठेवला. आणि मग काहीच होईना! अर्धा तास गेला, तास गेला. पोरं पेंगली. शिंपीदादांनी वरून काजं करायला शर्ट आणला. बाबांची मान अवघडली, त्यांनी कान बदलला. दोन तास होत आले आणि ग्लासात टिण्ण झालं.

"येतोय!" भिंगरी ओरडली.

"येतोय!" पाठोपाठ बाबा ओरडले.

आणि भांडी खणखणली.

वरून प्लास्टरचे कण गळले. मग काकू पुढे आल्या, भिंगरीकडे टक लावून बघितलं आणि हात जोडले. "हिच्या अंगात काहीतरी आहे ग!"

"काकू! माझ्या अंगात फक्त सकाळचा चहा आहे!"

"पाकिटं फोडा," पोस्टातले काका खाकरत म्हणाले. दोन पाकिटं फुटली. भिंगरीच्या बटणांनी सांगितलं ते दोन्ही दिवस बरोबर ठरलं होतं. झालं! माणसं सरसावली, कोणी तिच्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली, तर कोणी बटणांच्या डब्यालाच वाकून नमस्कार केला. चार बाजूंनी हात आले. "ताई, माझ्या मुलाची परीक्षा..." "ताई, माझ्या गुडघ्याचं..." भिंगरी भिंतीशी चेपली गेली. सहा दिवस कुलपात होती ती, पण असं कोंडल्यासारखं पहिल्यांदाच वाटलं. इथून निसटली नाही तर ही माणसं तिला कायमचं त्या फरशीवर बसवतील, हे तिला लख्ख दिसलं.

ती सरळ स्टुलावर चढली.

"हात खाली! ही जादू नाहीये, सांगते कशी केली. जमिनीखाली खडक आहेत. त्यांच्यावर वर्षानुवर्षं दाब येतो. एखाद्या फटीपाशी ते अचानक घसरतात, तोच भूकंप. त्या जागेवरून दोन लाटा निघतात. एक पळते भराभर, पण तिच्यात जोर नसतो. दुसरी मागून येते आणि ती भांडी वाजवते. पहिली लाट माझ्या अंगुस्तानाला कळते, फरशीला कान लावला तर कानालाही कळते. मग दोन मोजायच्या आत दुसरी येते. म्हणजे बाबाजी आधी सांगत नाहीत. भूकंप तिकडे झाल्यावर आपल्याला सगळ्यांत आधी कळवतात. पेपरवाला जसा पहाटे येतो ना, तसं!"

"उद्धट पोर!" बाबा उठून बसले. "मग रोजचं भाकीत? ते कसं खरं होतं?"

"काका, वाचा."

पोस्टातल्या काकांनी चष्मा लावला. "परवा. 'सूर्य कलण्याच्या सुमारास भूमी हलेल, सौम्य किंवा तीव्र, इथे किंवा दूर.' काल. 'आजचा धक्का मोठा असेल, पण मी अडवला तर लहान.' आज..."

"दोन हात माया सोडलेलं पोतं आहे हे, कुठल्याही दिवसाला बसेल! काका, आईनं काय लिहिलंय तेही वाचा."

"परवा सात धक्के. काल नऊ." काकांनी मान वर केली. "एका ठिकाणी हळदीचा डाग आहे."

"दिवसाला सात धक्के बसतात तेव्हा बटणसुद्धा बरोबर सांगतं!" भिंगरी म्हणाली. "आणि परवा सकाळी काहीच झालं नाही, तेव्हा बाबाजी म्हणाले की मी थोपवला. झाला तर ज्ञान, नाही झाला तर शक्ती. बाबा, तुम्ही शिंपी आहात, तुम्ही सांगा. पँट बसली तर शिंपी हुशार आणि नाही बसली तर गिऱ्हाईकच बारीक झालं, असं म्हणणाऱ्या शिंप्याकडे तुम्ही पुन्हा जाल?"

शिंपीदादांनी हातातला शर्ट खाली ठेवला. ते हळूहळू भूमीबाबांसमोर आले. कोणाला काही कळायच्या आत त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, मापाच्या वहीचं कोरं पान उघडलं आणि गिऱ्हाइकाला विचारावं तशा शांत आवाजात विचारलं,

"पुढचा मोठा धक्का. दिवस कोणता?"

"अं... भूमीच्या इच्छेनं..."

"दिवस. अर्धा दिवस इकडेतिकडे चालेल, तेवढी माया मी सोडतो. केवढा? नुसती भांडी वाजतील की भिंती पडतील? आणि कुठे?"

"पृथ्वी काय मनगटावर घड्याळ बांधते?" बाबा कडाडले.

"नाही ना!" भिंगरी स्टुलावरूनच ओरडली. "अगदी बरोबर! म्हणूनच कोणालाच सांगता येत नाही. मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही नाही, आणि ते तसं कबूल करतात!"

शिंपीदादांनी कोऱ्या पानाकडे बघितलं. मग वही मिटली.

"मी नक्की उत्तर मागत होतो," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "म्हणून जो देईल त्याचं घेतलं. मापच घेतलं नाही." मग ते जिन्याजवळ गेले, तड्यात पेन्सिल घातली. ती आत गेली, शेजारी बोटही शिरलं. "हे मात्र माप आहे."

"शिंप्या, तू शब्द दिलायस! पन्नास माणसांचं पाप..."

"शब्द मोडला म्हणून दोष लागला तर तो माझ्या एकट्याच्या माथी," शिंपीदादा म्हणाले. त्यांनी किल्ली कुलपात फिरवली. जाळी करकरत उघडली. तरीही कोणी हलेना. ती लाल रेघ सगळ्यांच्या पायांना खिळ्यासारखी ठोकलेली. तेव्हा भिंगरीची आई वर गेली, आमटीचं पातेलं फडक्यात धरून खाली आली आणि "सरका, गरम आहे," म्हणत रेघेवरून सरळ रस्त्यावर उतरली.

छप्पर जागेवरच राहिलं. मग पोस्टातले काका निघाले. मग पेंगलेली पोरं खांद्यावर घेऊन सगळेच. सर्वांत शेवटी काकू, रेघेवरून चांगली हातभर उंच उडी मारून.

संध्याकाळपर्यंत इंजिनीअरबाईंची माणसं लोखंडी टेकू घेऊन आली. भूमीबाबा कोणत्या रस्त्यानं गेले ते कोणी पाहिलं नाही. आणि नाही, इमारत पडली नाही. भिंगरीला त्याचा केवढा आनंद झाला म्हणून सांगू! पडली असती तर सगळे म्हणाले असते, पोरीचं भाकीत खरं झालं, आणि पुन्हा तिच्याभोवती हात जोडून बसले असते.

शाळेच्या हॉलमध्ये दुसऱ्या दिवशी काकू हळूच तिच्या शेजारी येऊन बसल्या. "भिंगरे, खरं सांग, आज येईल का ग?"

"माहीत नाही, काकू."

"बटणांना विचार ना."

"बटणांनाही माहीत नाही. येईलही. म्हणून तर ते जड कपाट भिंतीला आवळून बांधायचं, पलंग खिडकीपासून दूर सरकवायचा आणि धक्का बसला की टेबलाखाली शिरून डोकं झाकायचं. चला, मी दाखवते."

काकूंनी गुडघ्याचं कारण सांगितलं, कुरकुर केली आणि शेवटी टेबलाखाली शिरल्या.

तुमच्या गावातही जमीन हलेल कदाचित, आणि तारीख सांगणारा कोणीतरी येईलच. भीती वाटणं चुकीचं नाही, ती सगळ्यांना वाटते. पण त्या माणसाला दिवस विचारा, जागा विचारा, जोर विचारा आणि तो बोलायच्या आत कागदावर लिहून घ्या. तो उत्तर शोधत असेल तेवढ्या वेळात तुमच्या घराचे खांब बघून या. भूकंप अडवता येत नाही, पण भिंत मजबूत करता येते, आणि माणसं बहुतेक वेळा भिंतीखालीच सापडतात.